संबळ शिकलेल्या पोरानं कुळधर्माचा गोंधळ घालावा का? परभणीकडच्या एका गावातलं प्रकरण

हे प्रकरण परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. गावाचं, कॉलेजचं, माणसांचं नाव देत नाही, ओळखीच्या खुणाही थोड्या बदलल्यात, पण झालं ते असंच झालं. युवक महोत्सवाच्या टीम बसवणाऱ्या, लोककला शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या सगळ्यांपुढं हा प्रश्न कधी ना कधी येणारच म्हणून सविस्तर लिहितोय. माझा संबंध एवढाच की मी शेजारच्या तालुक्यात पोरांना लोककला शिकवतो, शिकवणारे गोंधळी आणि शिकलेला पोरगा, दोन्हीकडची मंडळी ओळखीची, आणि भांडण वाढल्यावर दोघांनीही मलाच फोन केला.

पार्श्वभूमी

साडेतीन पीठांतली दोन, तुळजापूर आणि माहूर, आपल्या मराठवाड्यात, शिवाय अंबाजोगाईची योगेश्वरी आहे, येरमाळ्याची येडेश्वरी आहे, त्यामुळं इकडं घरटी कुठली ना कुठली देवी कुळदैवत असतेच. लग्न झालं की, जावळ काढलं की, नवस फिटला की कुळधर्म म्हणून गोंधळ घालायचा, ही रीत एका जातीची नाही, गावातल्या बहुतेक सगळ्या समाजांत आहे. घालणारे मात्र गोंधळी समाजाचे. त्यांच्यात रेणुराई आणि कदमराई अशा दोन शाखा, माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई आणि तुळजाभवानीचे ते कदमराई. परशुरामानं बेटासुराला मारलं, त्याच्या डोक्याचं आणि शिरांचं वाद्य केलं, ते वाजवत माहूरला आईपुढं गेला आणि तो पहिला गोंधळ, अशी कथा ते सांगतात. सरकारी यादीत हा समाज भटक्या जमाती ब मधे आहे. परभणीचं नाव तर ह्या कलेत फारच मोठं, इथले गोंधळी कलावंत राजारामभाऊ कदम, त्यांचं नाव घेतल्याशिवाय गोंधळावर बोलणंच सुरू होत नाही.

एक गोष्ट इथंच सांगायला पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या वादात ती आहे. देवीच्या सेवेची सगळीच दारं जन्मावर उघडत नाहीत. आराधी कुणालाही होता येतं, बाईला, बाप्याला, कुठल्याही जातीच्या माणसाला. गळ्यात कवड्याची माळ घालायची, परडी घ्यायची, मंगळवार-शुक्रवारी जोगवा मागायचा. म्हणजे कवड्याची माळ ही काय फक्त गोंधळ्याची नाही. पण संबळ कमरेला बांधून यजमानाच्या देव्हाऱ्यापुढं चौक मांडणं आणि त्या घराच्या देवांना आवतण देणं, हे काम पिढ्यान्पिढ्या गोंधळ्याच्याच घरात राहिलं. एकाच परंपरेत एक दार सताड उघडं आणि त्याच्या शेजारचं दार घराण्यापुरतं, असं आहे ते.

आता माणसं. गावात एक म्हातारे गोंधळी आहेत, त्यांना बुवा म्हणू. आसपासची बरीच गावं त्यांच्या भावकीत वाटून घेतलेली, कुठल्या गावाला कोण जाणार हे आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं. बुवांचा मुलगा पुण्याकडं कंपनीत, पुतण्या गावात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवतो आणि सीझनला बुवांच्या मागं तुणतुणं घेऊन उभा राहतो. दुसरीकडं एक पोरगा, गावातल्या मोठ्या समाजाचा, बऱ्यापैकी जमीन असलेल्या घरचा, कॉलेजात शिकणारा. हात चांगला. लहानपणी यात्रेत संबळ ऐकून पत्र्याच्या डब्यावर वाजवायचा म्हणे. कॉलेजच्या टीमला गोंधळ बसवायचा होता तेव्हा तो बुवांच्या दारात गेला, आणि बुवांनी त्याला शिकवलं.

ह्या शिकवण्याला मी फार मान देतो. संबळ वरून सोपा दिसतो, दोन भांडी एकाला एक बांधलेली, एक लहान एक मोठं, पण दोन्ही हातांतल्या काड्या वेगळ्या, एक सरळ आणि एक टोकाला वळलेली, आणि त्या वळलेल्या काडीचा घिस्सा, म्हणजे कातड्यावर घासून काढलेला आवाज, जमायला लागतो तेव्हा कुठं संबळ बोलायला लागतो. बुवांनी त्याला सकाळी लवकर बोलवायचं, आधी नुसतं मांडीवर वाजवून घ्यायचं, मग कातडं तापवायला लावायचं, ताणलं किती की स्वर कुठं जातो ते कानानं ओळखायला लावायचं. एक पैसा घेतला नाही. पोरानंही कसर ठेवली नाही, बुवांच्या शेतात सोयाबीन काढायला गेला, त्यांच्या बायकोला दवाखान्यात नेलं. टीमनं युवक महोत्सवात बक्षीस आणलं, पेपरात फोटो आला, कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर प्राचार्य होते, संस्थाचालक होते, टीम होती. बुवा नव्हते.

अडचण कुठून सुरू झाली

बक्षिसानं वाद झाला नाही. भावकीत कुजबुज झाली, फ्लेक्सचं वाईट वाटलं, पण कुणी उघड बोललं नाही. वाद लग्नसराईत झाला.

बुवांचा गुडघा धरलेला, पुतण्याला त्याच दिवशी दुसऱ्या गावची सुपारी, आणि एका यजमानाच्या घरी लग्नानंतरचा गोंधळ आलेला. बुवांनी पोराला सांगितलं, "तू जाऊन ये, मांडणी मी सांगतो तशी कर." पोरगा गेला, नीट करून आला. ह्या एका संध्याकाळीच सगळ्या प्रकरणाचा सांधा आहे, आणि मजा बघा, त्या दिवशी कुणालाच काही चुकीचं वाटलं नव्हतं, बुवांनाही नाही, यजमानालाही नाही.

त्यानंतर लोकं पोराला थेट फोन करायला लागली. आवाज दमदार, सोबत टीममधली पोरं, एकसारखे झब्बे, माईक सिस्टीम. त्यानं ग्रुप काढला आणि व्हाट्सपवर बॅनर टाकला, "पारंपरिक गोंधळी पार्टी", खाली जागरण-गोंधळ, कुळधर्म, हळदी, शोभायात्रा आणि मोबाईल नंबर. युट्युबवर चॅनल काढलं, त्यात बुवांनी शिकवताना रात्रभर सांगितलेली आख्यानं टाकली, बुवांचाच आवाज, बुवांचाच चेहरा, पण चॅनल पोराच्या नावाचं. बुवांच्या घरी गोंधळाचे म्हणून शिधा, खण-नारळ आणि वर यजमान देईल ते यायचं, पोराच्या ग्रुपची सुपारी त्याच्या कितीतरी पट. एकाच सीझनमधे बुवांच्या भावकीची ठरलेली काही घरं तिकडं गेली.

आणि मग ते लग्न. यजमानांचं घर मोठं, मंडप मोठा, पोराच्या ग्रुपला बोलावलेलं. मांडणी व्यवस्थित केली होती, पाटावर नवं कापड, तांदळाचा चौक, त्यावर कलश, भोवती उसाची पाच धाटं वर एकत्र बांधून उभी केलेली, दिवटी पेटवलेली. आवाहन सुरू झालं. तुळजापूरची भवानी गोंधळा ये, माहूरची रेणुका गोंधळा ये, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, सगळे आले. संबळ चढला, पोरं नाचायला लागली. तेवढ्यात नवरदेवाची आजी उठली आणि हात वर करून वाजवणं थांबवलं.

"आमची येडाई राहिली की रं लेकरा. येरमाळ्याची. तिला बोलावल्याबिगर कसं चालंल?"

पोराला माहीतच नव्हतं. त्यानं शिकलेलं आवाहन मंचावरचं, महोत्सवाच्या आठ-दहा मिनिटांत बसवलेलं, त्यात सगळ्यांची देवस्थानं असतात पण एका घराचं देवस्थान नसतं. बुवा असते तर ह्या घरी येडाईचं नाव दुसऱ्या नंबरलाच आलं असतं, कारण त्यांना त्या घराची मागच्या तीन-चार पिढ्यांची नावं पाठ, कुणाचा गोंधळ राहून गेलाय ते पाठ, थोरल्या सुनेनं कुठला नवस बोललाय तेसुद्धा पाठ. पोरानं लगेच येडाईचं नाव घेतलं, आजींची माफी मागितली, कार्यक्रम पुढं गेला. पण दुसऱ्या दिवशी ही गोष्ट गावभर, आणि भावकीला जे बोलायचं होतं ते बोलायला तोंड मिळालं.

दोन्हीकडचं म्हणणं

आधी मी पुतण्याच्या दुकानात गेलो. तो मोबाईलचा स्क्रीन उघडून बसलेला, मान वर न करता बोलत होता.

"सर, मला शाळेत गोंधळ्याचं म्हणून चिडवायचे. मास्तर सुद्धा म्हणायचे, जा बाबा, मागून खा. म्हणून मी संबळ धरला नाही, तुणतुण्यावर भागवलं. आता ह्यानं तेच केलं तर ह्याला ट्रॉफी, ह्याचा फ्लेक्स. आमच्या लेकराला टोमणे आणि त्यांच्या लेकराला टाळ्या, हे कामून?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि मी द्यायचा प्रयत्नही केला नाही. मला वाटतं ह्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात खरं बोलणं हेच होतं. सुपारीचे पैसे हा भाग आहेच, पण त्याच्या खाली हे आहे. एखादं काम करणाऱ्याला त्या कामावरून हिणवलं जातं आणि तेच काम दुसऱ्यानं आवडीनं केलं की ती कला होते. करणारा तोच संबळ तसाच वाजवतो, फरक फक्त कोणाच्या घरात जन्मला त्याचा.

पोराचं म्हणणं ऐकायला त्याच्या शेतात गेलो. तो खूप दुखावलेला होता.

"सर, माझी आजी आराधीण होती. कवड्याची माळ आमच्या देव्हाऱ्यात आहे, परडी आहे. मी काय तमाशा म्हणून करतो का हे? मला कळत नाही मी बाहेरचा कसा. बुवांनी स्वतः पाठवलं होतं मला. आणि देवी काय जात बघून येते का?"

ह्यातलंही खोटं काही नव्हतं. त्याची भक्ती मी डोळ्यांनी पाहिलेली, गोंधळाच्या दिवशी उपास धरतो, चप्पल घालत नाही. "देवी जात बघून येते का" हा प्रश्न तर असा की त्याला हो म्हणणं मला शक्य नाही. पण मी त्याला एक विचारलं, की बुवांनी तुला पाठवलं ते त्या दिवसापुरतं का कायमचं? तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, तसं काही बोलणं झालं नव्हतं.

बुवा मधल्यामधे. त्यांना पोराचा अभिमानही होता आणि भावकीपुढं मान खालीही गेलेली. ते एवढंच म्हणाले, "विद्या दिली, गाव नव्हतं दिलं."

समोर काय पर्याय होते

पहिला पर्याय भावकीतल्या काही मोठ्या माणसांनी बोलून दाखवला आणि तो ऐकून मला घाबरायला झालं. बुवांनी बाहेरच्याला शिकवलं म्हणून बुवांनाच दंड लावायचा, आणि नाही भरला तर त्यांच्याकडचं पाणी बंद, लग्नकार्याला बोलवणं बंद. मी तिथंच सांगितलं की महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्या म्हाताऱ्यानं तुमची विद्या जिवंत ठेवली त्यालाच शिक्षा देऊन तुम्ही काय वाचवणार. एक दोघं चिडले, पण पुतण्यानं माझी बाजू घेतली आणि तो विषय तिथं मिटला. हा पहिला खरा निर्णयाचा क्षण होता. परंपरा राखायची म्हणून आपल्याच माणसावर हात टाकायचा, ही वाट एकदा धरली की मागं फिरता येत नाही, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा पर्याय कॉलेजमधल्या एका प्राध्यापकांचा, की कला सगळ्यांची असते, गोंधळ महाराष्ट्राचा आहे, कुणाची मक्तेदारी नाही, दुर्लक्ष करा. ऐकायला हे मोकळं वाटतं पण ते ज्याच्या ताटातलं जातंय त्याला विचारत नाही. शिवाय मंचावरचा गोंधळ आणि घरचा गोंधळ ह्यात फरकच नाही असं ते धरून चालतं, आणि आजींनी तो फरक सगळ्यांसमोर दाखवून दिला होता.

तिसरा, कायद्यानं काही करता येतं का. पुतण्याला कुणीतरी सांगितलेलं की पैठणीसारखा जीआय घ्या म्हणजे दुसरा कुणी करू शकणार नाही. पण भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा वस्तूंसाठी आहे, शेतमाल, कापड, कारागिरीच्या वस्तू, विधीला आणि गाण्याला तो लागू होत नाही. कॉपीराइटचंही तसंच, पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आवाहनं आणि पदं कुण्या एका लेखकाची नसतात. बुवांच्या व्हिडिओचा प्रश्न वेगळा होता, तिथं सादर करणारा माणूस समोर आहे, त्याचा आवाज आहे, आणि कलाकाराच्या सादरीकरणावर त्याचा हक्क कायदा मानतो. पण कोर्टात कुणालाच जायचं नव्हतं.

चौथा पर्याय पोराच्या चुलत्यानं सुचवला, की तुळजापूरला जाऊ, रीतसर माळ घालू, पोराला गोंधळी करून घ्या. ह्यावर बुवांच्या थोरल्या चुलतभावांनी शांतपणे सांगितलं की माळ घालून तो आराधी होईल, त्याचा आनंदच आहे, त्याच्या आजीचीच वाट आहे ती, पण गोंधळी म्हणून सोयरीक होते, सुतक पाळलं जातं, पाल टाकून हिंडलेल्या आज्या-पणज्यांची आठवण असते, ते सगळं माळेबरोबर येत नाही. मला हे उत्तर फार पटलं.

आणि पाचवा, पोरानं सगळंच सोडून द्यायचं. तो एका क्षणी रागात तयारही झाला, संबळ बुवांच्या दारात ठेवून येतो म्हणाला. बुवांनीच नको म्हटलं.

शेवटी काय केलं

बैठक बुवांच्या अंगणात झाली, कॉलेजात नाही आणि पोराच्या घरीही नाही. ही जागा मी मुद्दाम धरली, कारण आतापर्यंत दरवेळी गोंधळ्याला दुसऱ्याच्या दारात जावं लागलं होतं.

बोलणं लांबलं, मधे एकदा दोघंजण उठूनही गेले, चहा दोनदा झाला. ठरलं ते असं, की मंच, महोत्सव, शोभायात्रा इथं पोरगा खुशाल गोंधळ सादर करेल, पण प्रत्येक वेळी सुरुवातीला बुवांचं आणि त्यांच्या घराण्याचं नाव घेईल आणि सोबत गोंधळी समाजाचा निदान एक कलाकार बरोबरीच्या पैशात असेल. कुळधर्माचा गोंधळ तो मुख्य म्हणून घेणार नाही, यजमानाचा फोन आला तर पुतण्याचा नंबर देईल, आणि भावकीनं साथीला बोलावलं तर जाईल. बॅनरवरचं "पारंपरिक गोंधळी" काढून "गोंधळ लोककला ग्रुप" करायचं. बुवांचे व्हिडिओ पुतण्याच्या चॅनलवर हलवायचे. आणि कॉलेजनं गोंधळी समाजाच्या पोरांसाठी संबळाचा वर्ग घ्यायचा, शिकवायला बुवा, त्यांना मानधन.

पोराला ह्यातलं कुळधर्माचं कलम सगळ्यात जड गेलं. तो म्हणाला, मग मी आयुष्यभर साथीलाच का. बुवा म्हणाले, मी चाळीशीपर्यंत वडलांच्या साथीलाच होतो. ह्यावर पोरगा काही बोलला नाही, पण मान हलवली.

ह्या कलमाच्या बाजूनं मी स्वतः बोललो आणि आजही मला ते बरोबर वाटतं. शिकणं कुणालाही खुलं असावं, मंच खुला असावा. पण दुसऱ्याच्या देव्हाऱ्यापुढं उभं राहून त्या घराच्या वतीनं देवीला बोलवणं ही नुसती कला नाही, ते एका घरानं दुसऱ्या घराशी ठेवलेलं नातं आहे, आणि ते नातं सांभाळताना ज्यांनी हिणवणंही सोसलं त्यांच्या हातून ते चांगल्या आवाजाच्या आणि मोठ्या स्पीकरच्या जोरावर निघून जाऊ नये. देवी जात बघत नाही हे खरंच, पण गावानं बघितली होती, इतकी वर्षं.

पुढं काय झालं

सगळं गोड झालं असं नाही. बॅनर बदलला, व्हिडिओ हलवले, त्यातल्या एका आख्यानाला बरे व्ह्यूज आले आणि पुतण्याला बाहेरच्या जिल्ह्यातून दोन सुपाऱ्या मिळाल्या. बरीचशी यजमान घरं परत आली. काही आली नाहीत, त्यांचं म्हणणं आम्हाला पोराचाच ग्रुप पाहिजे, आणि यजमानावर काही जबरदस्ती करता येत नाही. एकदा तर ऐन सीझनला भावकीतलं कुणीच मोकळं नव्हतं, यजमान हातापाया पडला आणि पोरगा मुख्य म्हणून गेला. ह्यावरून परत थोडं झालं, पण ह्यावेळी त्यानं जायच्या आधी बुवांना फोन केला होता आणि बुवांनी त्या घराची सगळी माहिती फोनवर सांगितली होती, देवस्थानं, पिढ्यांची नावं, राहिलेला नवस. त्यामुळं ते मिटलं. भावकीतले एक काका मात्र अजून पोराशी बोलत नाहीत.

एक चांगली गोष्ट अनपेक्षित झाली. बैठकीत बोलता बोलता निघालं की बुवांनी ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाचा फॉर्मच कधी भरला नाही, दरमहा पाच हजारांची राज्य सरकारची योजना, कारण कार्यक्रमांचे पुरावे जोडावे लागतात आणि देव्हाऱ्यापुढच्या गोंधळाचं सर्टिफिकेट कोण देतं? पोरानं आणि पुतण्यानं मिळून यजमान घरांकडून पत्रं गोळा केली, सरपंचांचा दाखला घेतला, जुने फोटो काढले आणि फाईल पंचायत समितीत दिली. दोघं एका गाडीवर गेले. मंजुरी अजून आलेली नाही.

कॉलेजच्या वर्गाला भावकीतली पोरं सुरुवातीला येईनात, लाज वाटायची. पुतण्याची नववीतली मुलगी आली. तिला संबळ शिकायचाय. आता भावकीपुढं नवाच पेच, कारण गोंधळात बाई संबळ घेऊन उभी राहिल्याचं ह्यांच्या घरात कुणाला आठवत नाही. जन्मानं हक्क म्हणणाऱ्यांना तिला नाही म्हणता येईना आणि हो म्हणायला जीभ उचलेना. बुवा शिकवतायत तिला. तिचा डावा हात चांगला आहे, वळलेली काडी तिच्या हातात लवकर बसली. तिला शिकू द्या असं मी सगळ्यांना सांगत असतो, कारण तिच्याएवढी गोडी त्या घरात आज दुसऱ्या कुणाला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी कॉलेजनं. टीम बसवताना एका बुवांची परवानगी घेतली आणि तेवढ्यावर काम भागलं असं धरलं. एक गुरू शिकवायला तयार झाला म्हणजे समाजानं होकार दिला असं होत नाही, निदान भावकीतल्या दोन-चार माणसांना तालमीला बोलवायचं, काय बसवतोय ते दाखवायचं. आणि फ्लेक्सवर बुवांचा फोटो टाकायला जास्तीचा एक रुपयाही लागला नसता.

दुसरं, बुवांनी पोराला पहिल्यांदा पाठवलं ती संध्याकाळ. तेव्हाच यजमानाला सांगायचं होतं की आज माझ्या जागी माझा शिष्य येतोय, घराचा गोंधळी मीच आहे. आणि पोरालाही सांगायचं होतं की हे आजच्यापुरतं. एवढी दोन वाक्यं बोलली गेली असती तर पुढचं बरंच टळलं असतं. अडीनडीला दिलेली मोकळीक तोंडी, अर्धवट राहते आणि मग ज्याला जसं सोयीचं तसं तो समजून घेतो.

तिसरं महोत्सवाच्या परीक्षकांबद्दल. मंचावर हळद उधळणं, पेटता पोत फिरवणं, अंगात आल्याचं करून दाखवणं ह्याला टाळ्या पडतात म्हणून पोरं ते वाढवत नेतात. पोत ही देवीची वस्तू आहे, नाटकातली प्रॉपर्टी नाही. परीक्षकांनी शिकलात कुणाकडं, ते घराणं कुठलं, आवाहनातल्या नावांचा अर्थ काय, हे विचारायला सुरुवात केली तर टीम आपोआप नीट तयारी करतील. मी माझ्या पोरांकडून हे लिहूनच घेतो.

चौथं, अंगणातल्या बैठकीत एकही बाई नव्हती, बुवांची बायको चहा देण्यापुरती बाहेर आली तेवढीच. आणि येडाई राहिली हे पकडलं कुणी, तर आजीनं. घरच्या देवांचा सगळा हिशेब बायांकडं असतो, गोंधळ कधी घालायचा, कुणाला बोलवायचं, हे त्याच ठरवतात, आणि यजमान घरांतल्या बायांना विचारलं असतं तर कुळधर्माच्या कलमावर आम्ही इतके अडकलो नसतो. आता नवरात्राच्या आधी परत बसायचं ठरलंय, त्या आजींना आणि बुवांच्या बायकोला बोलावलंय. विषय अवघड आहे. भावकीतल्या दोन घरांत पुढं कुणीच गोंधळ घालणारं उरलेलं नाही, पोरं पुण्या-मुंबईला गेली, आणि त्यांच्या वाटणीची गावं तशीच पडून आहेत. त्या गावांना आता कुणी जायचं, पुतण्यानं सगळी धरायची, का नववीतल्या मुलीची वाट बघायची, का बुवांच्या शब्दावर पोराला एखाद-दुसरं गाव द्यायचं, ह्यावर भावकीत तीन मतं आहेत आणि पोरानं स्वतःहून काहीच मागितलेलं नाही.